तोडणाऱ्याने परत जावं

पोरी,

जोहार.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. नागपूरच्या मैत्रिणी म्हणतात एकही झाड तुटता कामा नये. तुझा बाप जंगल कामगार सोसायटीच्या कामावर अर्धी जिंदगी आरा ओढत आला. आणि येत्या ग्रामसभेत वनविभागाच्या कूप कटाईचा, म्हणजे जंगलाचा तोडीसाठी आखलेला एक तुकडा कापायचा, विषय आहे. हात कोणाच्या बाजूने वर करू काकाजी, असं तू विचारतेस. जंगल राहिलं पाहिजे आणि ते गावाच्या ताब्यात राहिलं पाहिजे, हे तुला सांगायची गरज नाही, मोह वेचतच तू मोठी झालीस. तेव्हा ते सोडून देतो. हात वर करायच्या आधी मागच्या कूपात जाऊन ये.

हे काय उत्तर झालं, म्हणशील. माझ्याकडे हेच आहे. जो तोडून झाल्यावर त्या जागेवर परत जातो, त्यालाच तोडीवर बोलायचा हक्क. बाकीच्यांचं ऐकून घे, चहा पाज, आणि सोडून दे.

मी सोसायटीचा मुन्शी होतो. लाकडाची लांबी-गोलाई वहीत उतरवायची, एवढंच माझं काम. मार्किंग कसं होतं ते तू पाहिलेलं नाहीस, म्हणून लिहितो. तोडायच्या झाडाची साल दोन ठिकाणी काढून हॅमर, म्हणजे ठशाचा हातोडा, मारतात. एक ठसा छातीइतक्या उंचीवर, जिथे गोलाई मोजतात, म्हणजे १.३७ मीटरवर. दुसरा अगदी बुडाशी, जमिनीलगत. वरचा ठसा लाकडासोबत डेपोत जातो, खालचा खुंटावर राहतो. तो ठेवलाय कशाला? नंतर कोणीतरी येऊन बघावं म्हणून. मार्क केली तेवढीच तुटली, की आणखी काही गेली, हे खुंटावरून कळतं. पद्धत घालून देणाऱ्याने परत येणाऱ्या माणसाची सोय करून ठेवली आहे. तो माणूसच येत नाही.

तू जा. ठसा नसलेले खुंट आहेत का ते बघ. ऐनाला, धावड्याला फुटवे आलेत का, आणि आले असतील तर गुडघ्याच्या वर गेलेत की शेळ्यांनी कुरतडून झुडूप केलंय. सागाचा खुंट जमिनीलगत साफ छाटलेला असेल तर फुटवा जोमाने येतो, उंच सोडलेला किंवा फाटलेला असेल तर तोच फुटवा पहिल्या वादळात निखळतो. चारोळीची, बिजाची रोपं कुठे दिसतात का? उन्हाळ्यात आग गेली होती का? हे सगळं बघायला आयएफएस, म्हणजे वनसेवेतला साहेब, व्हावं लागत नाही. वाकावं लागतं.

विरोध करणाऱ्यांचं मला कळतं. आमच्या पिढीने लूट पाहिली. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे वनविभागाच्या तोड-लागवडीच्या आराखड्याशिवाय, जंगलात तोड नाही, तेव्हा कुठे लगाम बसला. पण आयोजना मंजूर झाली म्हणजे जंगल उगवलं असं होत नाही. दहा वर्षांचा आराखडा लिहिणारा साहेब त्यातली पहिली कूपं कापून व्हायच्या आत बदलून जातो. नवा येतो, तो पुढची कूपं काढतो. मागच्यांकडे बघायला त्याला वेळ नसतो, आणि खरं सांगू, त्याच्या कामाचा हिशेब लाकडाच्या घनमीटरमध्ये होतो, फुटव्यांत होत नाही. साहेब वाईट असतात असं मी म्हणत नाही. चांगले साहेबही परत आले नाहीत.

वनविकास महामंडळाचंही तसंच. १९७४ ला ते स्थापन झालं, आणि आडजात, म्हणजे साग सोडून इतर मिश्र झाडांचं, जंगल साफ करून साग लावणं हा त्याचा मुख्य धंदा झाला. लाकडाच्या हिशेबाने साग सोन्यासारखा, नाही कोण म्हणतं? पण सागाच्या रांगांत बाईने टोपली घेऊन जायचं कशाला? तेंदू नाही, चारोळी नाही, आवळा नाही, आणि सागाच्या पानाला शेळीही तोंड लावत नाही. रोपवनाची पाहणी करणारा माणूस रोपं जगली का हे मोजतो. बायांनी तिथे जाणं का सोडलं हे कोणी मोजत नाही.

आता तुझ्या मैत्रिणींकडे वळतो. त्यांचा राग मला आवडतो, पण त्यांच्या घराचे दरवाजे कशाचे आहेत ते एकदा विचार. लाकूड लागतंच. २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी साग निघाला तेव्हा केवढी मिरवणूक निघाली! माझा त्याला विरोध नाही. ज्या जंगलातून तो साग उतरला तिथे आज काय उभं आहे, हे बघायला मिरवणुकीतला कोण गेला, एवढंच मी विचारतो. ‘एकही झाड नको’ म्हणणारेही जात नाहीत. तोडणारा परत जात नाही आणि अडवणारा मुळात गेलेलाच नसतो. दोघांच्या मधे गाव.

आणि गाव म्हणजे काही संत नाही, हे तुला सांगायलाच पाहिजे.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने लढून २००९ ला सामूहिक वनहक्क मिळवला, जवळपास १८०० हेक्टरांवर. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडात बसवलं होतं, २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजात आणलं, म्हणजे मोह-तेंदूसारखं गावाला विकता येईल अशा मालात. तरी वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती यायला २०११ उजाडलं, आणि ते द्यायला केंद्रातले मंत्री जयराम रमेश स्वतः आले. त्यानंतर आपल्या गावांनाही धीर आला. आपणही बांबू विकला. तू तेव्हा आश्रमशाळेत होतीस.

बांबूच्या बेटात नवी काठी बाहेरच्या कडेला येते. जून बांबू मधोमध अडकलेले असतात, तिथे शिरायला काटक्या-फांद्या साफ कराव्या लागतात, घाम निघतो. नगावर मजुरी असली की माणूस कडेचाच बांबू तोडतो. कोवळा, अजून पांढरी भुकटी न गेलेला, खोडावर पापुद्रे चिकटलेले. असं दोन-तीन हंगाम झालं की बेट आतून गच्च होतं आणि बाहेरून मरतं. पहिल्या हंगामानंतर मी नाल्याकाठच्या बेटांत फिरून आलो आणि ग्रामसभेत उभा राहिलो. म्हटलं, काम थांबवा. ठेकेदाराने पैसे रोखले. हंगाम गेला. माझ्या धाकट्या भावाच्या पोरीचं लग्न त्या मजुरीवर ठरलं होतं, ते वर्षभर पुढे गेलं. तो आजही पोळ्याला माझ्या दारात येत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, रोज वाटतं. पण काम थांबवलं त्याचं नाही. आज त्या बेटांत जा, कडेला काठ्या बघ, मागच्या पावसाळ्यात तुझ्या आईने भाजीला वास्ते, बांबूचे कोवळे कोंब, कुठून आणले ते विचार, आणि मग सांग काकाजी हेकट होता का. लोक म्हणतात, तुझं पोट भरलेलं होतं म्हणून तुला परवडलं. माझंही भरलेलं नव्हतं. असो, तो वाद इथे कशाला.

पाचगावचं बघ. गोंडपिपरी तालुक्यातलं छोटं गाव, २०१२ ला हक्क मिळाला. तेंदूत चांगला पैसा असताना त्यांनी तेंदू बंद केला, कारण पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि जंगलाला आगी लागतात. तेंदू सगळ्यांनीच बंद करावा असं माझं म्हणणं नाही, आपल्याकडे त्यावर वर्षाचं मीठ-मिरची चालतं. त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं आणि ठरवलं, बाहेरून कोणी सांगितलं नाही. ठरवायची रीत ती.

तू कायदा विचारलास. थोडक्यात सांगतो, बाकी तू शिकलेली आहेस, वाच. इमारती लाकूड गौण वनउपजात नाही, म्हणून साग विकायचा हक्क गावाकडे आलेला नाही, आणि भांडण तिथेच आहे. पण वनहक्क कायद्याचं कलम ५ वाच. जंगलाला आणि जैवविविधतेला बाधा येईल असं काम थांबवायचा ठराव ग्रामसभा करू शकते. त्याच कायद्याचे २०१२ चे सुधारित नियम वाच. गावाच्या समितीने स्वतःचा आराखडा करायचा आणि तो वनविभागाच्या कार्य आयोजनेशी जोडायचा, समितीला आवश्यक वाटतील त्या फेरफारांसह. समितीला, हे नीट वाच. आपल्या समितीने तो आराखडा केलाय का? नाही. मग कुठल्या तोंडाने भांडायचं? विरोधाचा ठराव एका कागदावर होतो, आराखड्याला एक उन्हाळा फिरावं लागतं. सगळ्यांना ठराव हवा असतो.

म्हणून ग्रामसभेत हो-नाही करू नकोस. उठून विचार, मागच्या कूपाचं काय झालं. कोणत्या कक्षात, किती मार्क, किती खुंट, किती फुटवे. वनपाल असतील, त्यांनाही विचार, आदराने विचार, तेही आपलेच आहेत. उत्तर नसेल तर आधी सोबत जाऊन बघू, तोवर नवं कूप नको, असं लिहून घे. आणि उत्तर चांगलं निघालं, खुंटांवर माणसाएवढे फुटवे निघाले, तर तोडीच्या बाजूने हात वर करायची हिंमत ठेव. मैत्रिणी काय म्हणतील ते म्हणोत.

राहिला तुझा बाप. ‘बाबांच्या कामाची मला लाज वाटते,’ असं लिहिलंस. ते वाक्य मला अजिबात आवडलं नाही. आरा त्याच्या हातात होता, पण झाड निवडणारा हात दुसऱ्याचा होता. कूपात जाताना त्याला सोबत घे. कुठला खुंट कोणत्या वर्षीचा, कोणता मार्क नसताना तुटला आणि तेव्हा मुकादम कोण होता, हे त्याला पाठ आहे, मला माहीत आहे. त्याने आजवर सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. वही घेऊन जा. चप्पल घालून जाऊ नको.

तुझा
काकाजी