गालिच्यावर रक्ताचा डाग पडलाय, साबण लावल्यावर तो आणखी लाल का झाला?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या पायात काच गेली, घाईघाईत हळद दाबली, त्या गडबडीत हॉलमधल्या गालिच्यावर रक्त सांडलं आणि सकाळी कपड्याच्या साबणाने पुसलं तर डाग कमी व्हायचा सोडून लालभडक होऊन पसरला. आधी बाबांचं बघा, काचेचा कण आत राहिला नाही ना, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर आजच डॉक्टरांना दाखवा. रक्त तसंही वाळलंय, तासाभराने काही फरक पडत नाही.

आता डाग. तो सगळा लाल रंग रक्ताचा नाहीये, त्यात हळदीचा मोठा वाटा आहे. कपड्याच्या साबणात सोडा असतो आणि हळदीला सोडा किंवा चुना लागला की ती लाल होते, कुंकू असंच करतात ना. म्हणजे तिथे दोन डाग आहेत आणि एकाला जे चालतं ते दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी रक्त काढायचं, हळद नंतर.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रक्ताशी रोजचाच संबंध, त्यामुळे दोन गोष्टी कळकळीने सांगते. गरम पाणी अजिबात नको, स्टीमवालं मशीन पण नको. रक्तात प्रोटीन असतं, अंड्याचा पांढरा भाग गरम झाला की कसा घट्ट होतो तसं ते धाग्यात घट्ट बसतं आणि मग निघत नाही. आणि लिंबू किंवा व्हिनेगर एवढ्यात नको, आंबट लागलं की हिमोग्लोबिन तपकिरी होतं. पूर्वी लॅबमध्ये हिमोग्लोबिन मोजायची साहलीची पद्धत होती ती यावरच चालायची, रक्तात ॲसिड घालायचं आणि आलेला तपकिरी रंग काचेच्या पट्टीशी जुळवून बघायचा. तो तपकिरी रंग तुम्हाला गालिच्यावर नकोय.

सुरू करायच्या आधी गालिचा लोकरीचा आहे की सिंथेटिक ते बघा. लेबल नसेल तर कडेचा एक धागा उपटून बेसिनवर चिमट्यात धरून पेटवा, केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर सिंथेटिक. हे एवढ्यासाठी की लोकर स्वतःच प्रोटीन आहे, आणि एन्झाइमवाली डिटर्जंट पावडर प्रोटीन तोडते, म्हणजे रक्ताबरोबर गालिचा पण खाते. ब्लीच तर लोकरीला नकोच नको, त्यात लोकर विरघळते.

ग्लोव्हज घाला, घरचंच रक्त असलं तरी. वाळलेलं रक्त चमच्याच्या मागच्या बाजूने हलकेच खरवडून व्हॅक्यूम करा. अर्धा लिटर थंड पाण्यात एक सपाट चमचा मीठ घाला, साधारण सलाइनएवढं, स्प्रेने डाग ओला करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पांढऱ्या सुती कपड्याने टिपून घ्या. टिपायचं, चोळायचं नाही, चोळलं की रक्त मुळापर्यंत जातं आणि धागे पिंजतात. बाहेरून आत या, कपड्याची कोरी बाजू घेत राहा. कंटाळवाणं काम आहे पण निम्म्याहून जास्त डाग इथेच जातो, फक्त पाणी ओतू नका, खाली ताग किंवा चिकटवलेलं कापड असतं, ते भिजलं की वास मारतं आणि कधीकधी तागाचा पिवळट रंग वर येतो. मग लोकरीवर ईझीसारखं लोकरीचं लिक्विड अगदी थोडं, सिंथेटिकवर एन्झाइमवाल्या डिटर्जंटचं पातळ पाणी अर्धा तास, आणि नंतर साध्या थंड पाण्याने टिपून साबण पूर्ण काढायचा, राहिला तर त्याच जागी धूळ धरते.

तरी छाप राहिली तर मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर २० व्हॉल्युम लिहिलं असेल तर ते ६ टक्के असतं, तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. सोफ्याखाली जाणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर टाकून बघा रंग उडतो का, मगच डागावर. फेस येईल, घाबरू नका, रक्तातल्या कॅटालेज नावाच्या एन्झाइममुळे येतो, टिपून घ्या आणि परत थोडं टाका. लोकरीवर हे अगदी शेवटी, आणि रेशमावर नाहीच.

वाळल्यावर डाग परत दिसला तर तुमचं काही चुकलेलं नसतं. खालचं रक्त ओलीबरोबर वर चढतं. म्हणून शेवटच्या वेळी वर कोरडा टॉवेल घडी करून ठेवा, त्यावर प्लॅस्टिक आणि पाण्याने भरलेला कुकर, रात्रभर. सकाळी ते टॉवेलमध्ये आलेलं दिसतं.

आता हळद. रक्त गेल्याची खात्री झाली की व्हिनेगर भरपूर पाण्यात पातळ करून थोडंसं टिपा, लाल परत पिवळं होईल. तो पिवळा रंग उन्हात उडतो, गालिचा बाल्कनीत उन्हाला टाका, पण रोज थोडा थोडा वेळच, नाहीतर गालिच्याचा मूळ रंग पण विटेल.

जर काश्मिरी रेशमी किंवा हाताने विणलेला जुना महागातला गालिचा असेल तर मिठाच्या पाण्याच्या पुढे जाऊच नका, गालिचे धुणाऱ्याकडे द्या आणि देताना रक्त, हळद, साबण तिन्ही सांगा, नाहीतर ते नेहमीसारखं गरम पाण्याचं मशीन फिरवतील. कोणता निघाला ते इथेच खाली कळवा, मी बघते.