खटला नाही, जामीन नाही: स्थानबद्धतेबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत एकच घोळ आहे. अटक आणि स्थानबद्धता लोक एकच समजतात. अटक घडलेल्या गुन्ह्यासाठी होते, आणि पुढे खटला चालतो. स्थानबद्धतेत माणूस पुढे काय करील याचा अंदाज बांधून त्याला तुरुंगात ठेवतात. खटला चालतच नाही. हे नीट लक्षात ठेवून पुढची उत्तरे वाचा.

तडीपारी म्हणजेच स्थानबद्धता का? (गुहागर)

नाही. तडीपाराला जिल्ह्याबाहेर घालवतात, स्थानबद्धाला तुरुंगात ठेवतात.

आमची बोट कोस्ट गार्डने अडवली तर तांडेल-खलाशांना किती दिवस ठेवता येतं? नौदल किंवा लष्कर परस्पर नेऊ शकतं का? (देवगड)

तपासणीसाठी बोट अडवता येते. पण माणूस ताब्यात घेतला की तो पोलिसांच्या हवाली करायचा असतो. आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभा करायचा, असं राज्यघटनेचं कलम २२ सांगतं. सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा महाराष्ट्रात लागू नाही. जिथे आहे, तिथेही पकडलेल्याला लवकरात लवकर पोलीस ठाण्यात द्यावंच लागतं. आपल्याच नागरिकाला छावणीत बेमुदत डांबून ठेवण्याचा अधिकार लष्कराला नाही. बंदरावर कुणी काहीही सांगो. खलाशी परतला नाही तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि वकील गाठा.

‘मिसा परत आला’ असा मेसेज फिरतोय. खरं आहे का? (दापोली)

खोटं आहे. मिसा, म्हणजे खटल्याविना डांबण्याचा जुना कायदा, आणीबाणीनंतर रद्द झाला. आज मुख्यतः चालतात ते १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणि महाराष्ट्राचा १९८१ चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक कारवाया रोखण्याचा कायदा. दोन्हींत कमाल मुदत १२ महिने आहे. असले मेसेज पुढे पाठवू नका. घाबरलेली माणसं त्यामुळे चुकीच्या कायद्याच्या मागे धावतात.

मुलगा खाडीत वाळूच्या होडीवर कामाला होता. एमपीडीएखाली नेलं, त्याला तीन आठवडे झाले. कोर्टाबाहेर एकजण म्हणतो, मंडळाचा निकाल येईपर्यंत थांबा, साठ हजारांत ‘वरून’ सोडवून आणतो. (संगमेश्वर तालुका)

ताई, त्याला एक रुपयाही देऊ नका आणि थांबू तर मुळीच नका. या कायद्यात घरच्यांच्या हाती एकच शस्त्र आहे, ते म्हणजे तारखा. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला राज्य सरकारची मंजुरी १२ दिवसांत लागते. आदेशाची कारणं स्थानबद्धाला ५ दिवसांत द्यावी लागतात. प्रकरण सल्लागार मंडळाकडे, म्हणजे स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे तपासणाऱ्या मंडळाकडे, ३ आठवड्यांत जावं लागतं आणि मंडळाचा अहवाल ७ आठवड्यांत यावा लागतो. यातली एक तारीख चुकली तरी आदेश कोसळू शकतो. पण ती चुकली हे दाखवायला कागद लागतो, आणि दलाल नेमका तोच तुमच्या हातून काढून घेतो.

काही वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे आली. औषधाच्या दुकानातल्या पिशवीत घडी घालून ठेवलेला जाडजूड गठ्ठा होता. शेवटच्या पानावर मुलाचा अंगठा होता, तारखेची जागा कोरी होती आणि मधली नऊ पानं इतकी काळी झेरॉक्स निघालेली की एक ओळ वाचता येईना. दलालाच्या भरवशावर तिचे दोन महिने गेले होते. ती आधी आली असती तर ते दोन महिने मुलगा कदाचित घरी असता. हे मी आजही विसरू शकत नाही.

कारणं मुलाला कळणाऱ्या भाषेत, लेखी आणि वाचता येतील अशी हवीत. फक्त हिंदी जाणणाऱ्याला कारणं इंग्रजीत देऊन अधिकाऱ्यानं तोंडी समजावली, हे पुरेसं नाही असं सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये महाराष्ट्रातल्याच हरिकिसन प्रकरणात म्हटलं आणि माणूस सोडला. मुलाचं निवेदन तुरुंगातून आजच जाऊ द्या, त्यावर आवक तारीख घ्या. सरकारनं ते विनाकारण रखडवलं तर तोही सुटकेचा मुद्दा होतो. मंडळापुढे वकिलाचा हक्क नाही, पण वकील नसलेला मित्र मदतीला मागता येतो. आणि हेबिअस कॉर्पससाठी, म्हणजे बेकायदा डांबलेल्याला सोडवण्याच्या हायकोर्टातल्या अर्जासाठी, मंडळाची वाट पाहावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याची प्रकरणं मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. गठ्ठा घेऊन याच आठवड्यात फौजदारी वकिलाला भेटा.

देशाच्या सुरक्षेसाठी असे कायदे हवेतच. ज्यानं काही केलं नाही त्यानं घाबरायचं कशाला? (रत्नागिरी)

तुम्ही रत्नागिरीचे आहात, थिबा पॅलेस पाहिलाच असेल. ब्रह्मदेशाच्या राजाला १८८६ मध्ये इथे आणलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षांत एकही खटला नाही. तो परक्या सरकारचा कैदी होता म्हणाल, तर राजापूरचे खासदार मधु दंडवते घ्या. जून १९७५ मध्ये त्यांना मिसाखाली धरलं तेव्हा सरकार आपलंच होतं. मिसाच्या बंद्याला कारण सांगण्याचीही गरज तेव्हा उरली नव्हती. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की आणीबाणीत असा माणूस कोर्टात येऊच शकत नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले. तो निकाल चुकीचा होता हे न्यायालयानं स्पष्ट मान्य केलं ते २०१७ मध्ये. ज्यानं काही केलं नाही त्यालाच खटल्याची सर्वांत जास्त गरज असते, कारण निर्दोष असल्याचं सिद्ध करायची जागा तीच. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत सल्लागार मंडळाच्या संमतीविना ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणली होती. ते कलम आजवर अमलात आणलेलं नाही. आपल्या आमदार-खासदारांना हे विचारा, लेखी विचारा.

मुलगी अमेरिकेची नागरिक आहे. तिथे लष्कर नागरिकांना खटल्याविना ठेवू शकतं असं ऐकलं. (चिपळूण)

ऐकीव असलं तरी यात तथ्य आहे. ३१ डिसेंबर २०११ ला सही झालेल्या संरक्षण कायद्याच्या, दहशतवादाच्या संशयितांना लष्करी कोठडीत ठेवू देणाऱ्या कलम १०२१ वरून तिथल्या नागरी हक्कांच्या संघटना लढल्या. नागरिकांबाबतचा आधीचा कायदा बदलत नाही, असं ते कलमच म्हणतं. पण आधीचा कायदा काय, यावरच तर वाद होता. होजे पडिला या अमेरिकन नागरिकाला २००२ मध्ये शिकागो विमानतळावर धरलं आणि आरोप न ठेवता तीन वर्षांहून अधिक काळ लष्करी कोठडीत ठेवलं. मुलीला रोजच्या आयुष्यात धोका आहे असं मी म्हणत नाही. नेमकी शंका असेल तर तिनं तिथल्याच वकिलाला विचारावं.

वकिलाची फी परवडत नाही. (सावंतवाडी)

कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जाताना आदेशाची प्रत न्या.