फोटोशॉपमध्ये सिलेक्शनची रेघ छापून का येत नाही?
रावेरच्या केळीच्या घडाभोवती सिलेक्शन केलं, पण ती हलणारी तुटक रेघ फ्लेक्सवर आली नाही, असं तुम्ही म्हणता. ती नुसती पडद्यावरची खूण आहे, चित्रात रंग भरलेलाच नसतो.

एडिट मेनूमधल्या स्ट्रोकने (कडेने रेघ काढणारी सोय) रेघ उमटते, पण नंतर जाडी बदलता येत नाही. त्यापेक्षा सिलेक्शन चालू असताना कंट्रोल-जे दाबा, घडाची प्रत वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर येईल. मग लेयर स्टाइलमधून स्ट्रोक द्या. पोझिशन आउटसाइडच ठेवा, इनसाइडला केळीची बारीक टोकं रेघेखाली झाकली जातात.

कडेला पानांचा रंग राहत असेल तर कंट्रोल-जे दाबण्याआधी सिलेक्ट मेनूतल्या मॉडिफाय, कॉन्ट्रॅक्टमधून सिलेक्शन १-२ पिक्सेल आत घ्या. कच्च्या केळीमागे हिरवंच पान असेल तिथे क्विक सिलेक्शन टूल गोंधळतं. वेळ लागला तरी पेन टूलच घ्या.