‘वाइल्ड ओट्स इलेव्हन’ ही शर्यतीची नौका इतकी का गाजली?

मुख्य कारण तिची कील. नौकेच्या तळाखाली पात्यासारखी उभी असलेली कील आणि तिच्या टोकाचा वजनदार गोळा हायड्रॉलिक दट्ट्यांनी वाऱ्याच्या बाजूला कलवता येतो. त्यामुळे कमी वजनातही नौका सरळ राहते आणि मोठी शिडं पेलते. सुमारे ३० मीटर लांबीची, कार्बन फायबरची ही नौका रायशेल-प्यू या नौका-रचनाकार कंपनीनं आखली. ऑस्ट्रेलियन उद्योजक बॉब ओटली यांच्यासाठी ती सिडनीत बांधली गेली.

२००५ च्या डिसेंबरमध्ये ती पाण्यात उतरली आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या ६२८ सागरी मैलांच्या सिडनी-होबार्ट शर्यतीत पहिली आली, वेळेचा विक्रम केला, हँडिकॅपमध्येही (नौकांच्या क्षमतेनुसार वेळ जुळवून काढलेल्या निकालातही) जिंकली! २०१२ मध्ये पुन्हा तिन्ही मान मिळाले. वेळ १ दिवस १८ तास २३ मिनिटं. २०१८ पर्यंत ती नऊ वेळा सर्वांत आधी होबार्टला पोहोचल्याची नोंद आहे.

मात्र ज्या कीलनं वेग दिला, तिच्याच हायड्रॉलिक यंत्रणेतल्या बिघाडामुळे २०१६ मध्ये आघाडीवर असताना माघार घ्यावी लागली. २०१७ मध्ये तर पहिली येऊनही ‘कोमांचे’ या प्रतिस्पर्धी नौकेला वाट न दिल्याबद्दल एक तासाचा दंड झाला आणि मान हुकला. माझ्या मते निर्णय योग्यच होता, पण हळहळ आजही वाटते.