परदेशात वाढलेल्या भाचीबरोबर घर, मुळं या विषयावरच्या कुठल्या शॉर्ट फिल्म्स बघता येतील?

तुम्ही लिहिलंय की भाची अमेरिकेत वाढलीय, मराठी समजतं पण बोलत नाही, आणि सुट्टीत आली की तिच्यासोबत काहीतरी बघायचंय. मग आधी ज्यात संवाद जवळपास नाहीतच अशा दोन सांगते, म्हणजे भाषेचा प्रश्नच मिटला. दोन्ही पिक्सारच्या आहेत.

पहिली 'संजयज् सुपर टीम', २०१५ ची, जेमतेम सात मिनिटांची. दिग्दर्शक संजय पटेल, गुजराती घरातला, आईवडिलांचं कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला, रूट ६६ या जुन्या प्रसिद्ध हायवेवर मोटेल होतं, तिथेच वाढला. एकाच खोलीत एका बाजूला बाबा देवघरापुढे बसलेत, दुसऱ्या बाजूला पोरगा टीव्हीला चिकटलाय, बाबा घंटी वाजवतात की हा आवाज वाढवतो. आमच्याकडे संध्याकाळी दिवा लावताना अगदी हेच चालतं, फक्त टीव्हीच्या जागी टॅब. बाबा शेवटी टीव्ही बंद करून त्याला पूजेला बसवतात आणि मग त्याच्या कल्पनेत विष्णू, दुर्गा, हनुमान सुपरहिरो होऊन येतात. मला यातलं काय आवडतं सांगू का, पोरगा शेवटी काही हात जोडून गुणी बाळ होत नाही, तो त्या देवांची स्वतःच्या पद्धतीने चित्रं काढतो, आणि ते चित्र बघून बाबांचा चेहरा खुलतो. आपलं जे आहे ते पुढची पिढी आपल्याला हवं तसंच उचलेल असं नाही, हे मान्य करणारा बाप फार कमी वेळा पडद्यावर दिसतो.

दुसरी 'बाओ', २०१८ ची, हिला ऑस्कर मिळालं. दिग्दर्शिका डोमी शी चीनमध्ये जन्मली आणि लहानपणीच टोरांटोला आली, फिल्मही टोरांटोतच घडते. मी इथेच राहते म्हणून टोरांटोची ओळख असलेला उंच सीएन टॉवर दिसला की जास्तच लागतं. एकटी पडलेली आई पाव वळत असते, म्हणजे आपल्या मोदकासारखे वाफवलेले सारणाचे पाव, त्यातला एक जिवंत होतो आणि ती त्याला मुलासारखं वाढवते. तो मोठा होतो, गोरी मैत्रीण घेऊन येतो, बॅग भरून निघतो, आणि ती त्याला अडवता अडवता चक्क गिळून टाकते! बरेच लोक इथे दचकले, काहींना विचित्र वाटलं, पण मला ही फिल्ममधली सगळ्यात खरी जागा वाटते. नव्या देशात जिचं सगळं जगच त्या पोराभोवती आहे ती आई दुसरं काय करणार? नंतर कळतं की तो पाव म्हणजे घर सोडून गेलेल्या तिच्या मुलाचंच रूप होतं, खरा मुलगा परत येतो, पलंगावर दोघं शेजारी बसून रडत रडत खातात, कोणी कोणाला सॉरी म्हणत नाही. आणि शेवटी पाव वळायला सगळे बसतात तेव्हा सुनेचा हात मुलापेक्षा छान वळतो, ते नक्की बघा. डोमीच्या आईने स्वतः पिक्सारमध्ये येऊन टीमला पाव वळून दाखवले होते, म्हणून ते हात एवढे खरे वाटतात.

म्हणूनच माझं म्हणणं, या भाचीला काही शिकवायला म्हणून लावू नका. दोन्हीत मोठ्यांनाही जागचं हलावं लागतं, तेव्हा तुम्ही पण मनापासून बघा आणि झाल्यावर लगेच बोधपर गप्पा सुरू करू नका, तिला काय वाटलं ते तिलाच बोलू द्या.

तिसरी एकदम वेगळी, 'द लाँग गुडबाय', अभिनेता आणि रॅपर रिझ अहमद आणि दिग्दर्शक अनील कारिया यांची, बारा मिनिटं, २०२२ चं ऑस्कर. ब्रिटनमधलं दक्षिण आशियाई वंशाचं कुटुंब, लग्नाची गडबड, नाच, आपसातली कुरबुर, आणि बाहेरून बंदुकवाले येऊन घरच्यांना रस्त्यावर ओढतात. वरच्या दोन्हीत भांडण घरातल्या घरात मिटतं, इथे हे घर तुमचं आहे की नाही हे बाहेरचा माणूस ठरवायला बघतो. शेवटी रिझ कॅमेऱ्यात बघून जे म्हणतो ते माझ्या डोक्यातून कितीतरी दिवस गेलं नाही. यूट्यूबवर आहे. पण गोळीबार आहे, तेव्हा भाची लहान असेल तर ही नकोच, कॉलेजला असेल तरी आधी तुम्ही एकट्याने बघून घ्या.