फिकट पडलेली प्रवाळे पुन्हा रंग धरतील का?

प्रश्न : देवगडला आमच्या घरी साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तिच्यात मश्रूम आणि झोअँथस ही मऊ प्रवाळे आहेत. मे महिन्यातल्या वादळात दोन दिवस वीज गेली, पाणी ३२ अंशांपर्यंत तापले आणि मश्रूम आक्रसून पांढरे पडले. आता दिवा अधिक प्रखर लावावा, की समुद्राचे ताजे पाणी आणून सगळी टाकी बदलावी?

उत्तर : यांपैकी काहीही करू नये. प्रवाळाचा रंग आणि बरेचसे अन्न त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांकडून येते. उष्णतेच्या ताणाने ती शैवाले बाहेर पडली, एवढेच तूर्त घडले आहे. मश्रूम दगडाला घट्ट चिकटून असेल तर ते जिवंत आहे. बुळबुळीत होऊन त्याचे तुकडे सुटू लागले आणि कुजका वास आला, तर मात्र ते लगेच काढून टाकावे. अशक्त प्रवाळाला प्रखर प्रकाश बाधतो, म्हणून दिवा निम्म्यावर आणून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावा. पाणी अजून गरम असेल तर ते दिवसाला एखाद्या अंशाने उतरवत २५-२६ अंशांवर आणावे.

लहान टाकीत खरा घात होतो तो क्षारतेच्या, म्हणजे पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणाच्या, चढउताराने. पंखा लावून पाणी थंड करताना दोन लिटर पाणी उडून गेले, तरी मीठ टाकीतच राहते आणि दर हजारी ३५ असलेली क्षारता ३६ च्या वर जाते. ही तूट नेहमी गोड्या, आरओच्या पाण्याने रोज भरावी. खारे पाणी ओतणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. काचेवर पातळीची खूण करून ठेवली की अंदाज चुकत नाही. पाणी बदलायचे ते आठवड्याला पाच-सहा लिटर, तेही क्षारता आणि तापमान जुळवूनच.

किनाऱ्याचे पाणी पावसाळ्यात तर आणूच नये, कारण खाड्यांतून उतरणारा गढूळ लोंढा त्याची क्षारता पार उतरवतो. ओघाने सांगतो, मालवणच्या खडकांवरून प्रवाळ आणण्याचा सल्लाही कोणी देईल. पण कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे आणि ती काढणे हा गुन्हा आहे.

शैवाले परतेपर्यंत प्रवाळाला आपणच भरवावे लागते. आठवड्यातून दोनदा पंप दहा मिनिटे बंद ठेवून कोळंबीचा अगदी बारीक कीस ड्रॉपरने मश्रूमच्या तोंडाशी सोडावा आणि उरलेला काढून घ्यावा. झोअँथसला हात लावताना हातमोजे घालावेत, कारण त्यांच्या काही जातींत जहाल विष असते. रंग परतायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

पुढच्या मे महिन्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा. वीज गेलीच, तर बंदरावरच्या कारखान्यातला बर्फ घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ती टाकीत तरंगत ठेवावी. बर्फ थेट पाण्यात टाकू नये.