लाईन गेली, नेट गेलं, मग गेम कोणाचा?

कन्सोलबद्दल, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनबद्दल, प्रश्न पाठवा म्हटलं तर एवढे आले की निम्मे पुढच्या अंकात ढकलावे लागले. बहुतेकांचा सूर एकच, सोनीचं प्लेस्टेशन (पीएस) भारी का मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स भारी. पण राजेहो, पुण्या-मुंबईचा माणूस ज्या हिशोबानं मशीन घेतो तो हिशोब आपल्याकडं लागत नाही. आपल्याकडं आधी विजेची डीपी पाहायची, मग टॉवर, अन् मग ग्राफिक्स.

प्रश्न : भाऊ नमस्कार. आमचं गाव दारव्हा तालुक्यात हाय. यंदा सोयाबीनचे पैसे आले तं बाबानं एकदाचं हो म्हटलं. पण पीएस फाईव्ह घेऊ का एक्सबॉक्स सिरीज एस, हेच समजून नाही राह्यलं. युट्यूबवाले म्हणते डिस्कचा जमाना गेला, बिनडिस्कचंच घ्या, पैसे वाचते. नेट मोबाईलचं हाय, रोजचं दोन जीबी, अन् लाईनचा काही भरोसा नाही. तुमी असते तं काय घेतलं असतं?

उत्तर : मी डिस्कवालं घेतलं असतं. पीएस फाईव्ह घे नाहीतर एक्सबॉक्स सिरीज एक्स घे, पण डिस्कची फट असलेलं घे. आता काहून ते ऐक.

तुझे रोजचे दोन जीबी. आजकाल बरा मोठा गेम पन्नास ते शंभर जीबीचा असतो, काही त्याच्याही वर जातात. पन्नास जीबीचा गेम उतरवायला तुला पंचवीस दिवस लागतील अन् त्या पंचवीस दिवसांत घरात कोणी व्हॉट्सॲपसुद्धा उघडायचं नाही, तेवढ्यात कंपनी पाच-दहा जीबीचं नवं अपडेट सोडते ते वेगळंच. बिनडिस्कच्या मशीनवर वाचलेले पैसे असे डेटा पॅकमध्ये जातात. भारतात पीएस फाईव्ह 2021 च्या फेब्रुवारीत आलं तेव्हा डिस्कवालं 49,990 ला अन् डिजिटल, म्हणजे बिनडिस्कचं, 39,990 ला होतं, म्हणजे फरक दहा हजाराचा. आजचे भाव दुकानात विचारून घे, बदलत राहतात. पण डिस्कवर गेम सेकंडहँड मिळतो, खेळून झाला की विकता येतो, मित्राला देता येतो. अन् डिजिटल गेम तुझ्याच अकाउंटला चिकटून राहतो, त्याला बाजारभावच नाही. दोन वर्षांत ते दहा हजार कुठं गेले ते तुला कळणारही नाही.

आता सिरीज एस बद्दल. मशीन वाईट नाही हं, 2020 च्या नोव्हेंबरात आलं तेव्हा 34,990 ला होतं, आकारानं लहान अन् वीज कमी पिते. पण त्याला डिस्कची फट नाही, अन् पुढं कधी लावताही येत नाही. पहिल्या मॉडेलमध्ये स्टोरेज 512 जीबी लिहिलंय, त्यातलं गेमसाठी उरतं साधारण 364. मोठे तीन-चार गेम टाकले की कोठी भरली, मग एक काढा दुसरा टाका, अन् काढलेला परत पाहिजे असला की परत डाऊनलोड. चांगलं नेट असलेल्याला याचं काही वाटत नाही, तुला वाटेल.

पीएस फाईव्हचं नवीन पातळ मॉडेल घेशील तर एक गोष्ट ध्यानात ठेव. त्याच्या डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राईव्ह वेगळा विकत घेऊन नंतर जोडता येतो, ही चांगली सोय आहे, पण तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच. त्यामुळं तालुक्याच्या गावी ज्याच्याकडं वायफाय आहे त्याच्या घरी नेऊनच जोड. मशीनचं पहिलं अपडेटही तिथंच उरकून घे, चहा पाजेल तो.

अन् डिस्क म्हणजे टाकली की चालू असंही समजू नको. डिस्कमधला गेम आधी मशीनच्या आत कॉपी होतो, जागा तेवढीच खातो, अन् खेळताना डिस्क आतच पाहिजे. काही डिस्कवर गेम अर्धवटच असतो, बाकीचा डाऊनलोड करा म्हणते, म्हणून घेण्याआधी नेटशिवाय पूर्ण चालतो का ते शोधून पाहायचं. मी एकदा न पाहताच घेतला, घरी आणून लावला तर स्क्रीनवर साठ जीबी बाकी. टॉवर दोन काडी. नऊ दिवस डबा नुसता पाहत बसलो.

लाईनचं सांगतो. मोठा गेम चालू असला की पीएस फाईव्ह साधारण दोनशे वॅट खातं, सिरीज एस त्याच्या अर्ध्यापेक्षाही कमी. घरी 150 एएचची बॅटरी असली तर कागदावर ते 1800 वॅट-तास, खरे हाती येतात त्यापेक्षा बरेच कमी, त्यात दोन पंखे अन् टीव्ही धरला की तीन-चार तास मिळाले तरी भाग्य. इन्व्हर्टर प्युअर साईन वेव्हचा पाहिजे, अन् मागं यूपीएस मोडचं बटण असतं ते यूपीएसवर टाक, म्हणजे लाईन गेल्यावर झटका न बसता बदली होते, नाहीतर कन्सोल दर वेळेला बंद पडून परत चालू होईल अन् स्टोरेज तपासत बसेल. ज्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची असते त्या आठवड्यात मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज कसं पडते ते तुला माहीतच आहे. अन् खेळणं झालं की रेस्ट मोडला, म्हणजे अर्धवट झोपेत, ठेवू नको, पूर्ण बंद कर.

प्रश्न : दादा, मी परतवाड्याचा. माह्याकडं लॅपटॉपवर स्टीम या ऑनलाईन दुकानातले वीस-बावीस गेम हायेत, सगळे सेलमधले. मित्र म्हणते हे तुये नाहीच, कंपनीनं ठरवलं तं उद्या काढून घेईन. खरं हाय का हे? मंग पैसे काहाले देतो आपण?

उत्तर : मित्र बराचसा खरं बोलतो. तुला वावराचंच उदाहरण देतो. मक्त्यानं वावर केलं तर नांगर तुझा, बियाणं तुझं, घाम तुझा, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचंच. डिजिटल गेम तसाच, तू खेळण्याचा परवाना घेतला, गेम नाही घेतला. आधी हे बारीक अक्षरात कुठंतरी लिहिलेलं असायचं. मग अमेरिकेत कॅलिफोर्नियानं कायदा केला, तो 2025 च्या जानेवारीपासून लागू झाला, की दुकानानं गिऱ्हाईकाला हे स्पष्ट सांगायचं. स्टीमनं त्याच्याआधीच, 2024 च्या ऑक्टोबरात, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. आता तुलाही दिसत असेल, वाचली नसशील एवढंच.

पण मालक अन् मालकात फरक असतो. 2014 चा द क्रू नावाचा गाड्यांचा गेम होता युबिसॉफ्ट कंपनीचा, एकट्यानं खेळा तरी कंपनीचा सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केला अन् ज्यांच्याकडं डिस्क होती त्यांचाही गेम मेला. म्हणजे वर मी डिस्कचं एवढं कौतुक केलं ते अशा गेमला लागू नाही, इथं डिस्क म्हणजे नुसतं रिकामं पोतं. त्याच्यावरूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम उभी राहिली. दुसरीकडं गुगलनं स्टेडिया, म्हणजे मशीनशिवाय नेटवरूनच गेम खेळायची सेवा, बंद केलं 2023 च्या जानेवारीत, ते भारतात आलंच नव्हतं, पण तिकडं लोकांना गेमचे पैसे परत दिले. एक्सबॉक्स 360 चं दुकान 2024 च्या जुलैत बंद झालं, तिथं नवीन विकत घेता येत नाही पण आधी घेतलेलं परत उतरवता येते. असे तीन तऱ्हेचे मालक.

स्टीम 2003 पासून चालू आहे अन् माझ्या मते त्यातल्या त्यात भरवशाचं आहे. रुपयात भाव, यूपीआयनं पैसे, अन् घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत अन् दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात. आपल्यासाठी मोठी गोष्ट म्हणजे त्यात गेमचा बॅकअप काढता येतो, अन् एकाच वायफायवरच्या दोन कॉम्प्युटरमध्ये गेम थेट कॉपीही होतो, त्याला डेटा जात नाही. आमच्या गावचा एक पोट्टा नागपूरला होस्टेलवर राहतो, दिवाळीत येताना हार्डडिस्क भरून आणतो, गावातले चार लॅपटॉप त्याची वाट पाहतात. ज्याचा गेम त्याच्याच अकाउंटवर विकत घेतलेला असतो बरं, नुसत्या फाईली आणायचं काम त्याचं. गावी यायच्या आधी प्रत्येक गेम एकदा नेटवर उघडून मग ऑफलाईन मोड करून ठेव, नाहीतर ऐन वेळेला लॉगिन मागेल.

खरंच सातबारा पाहिजे असला तर जीओजी नावाचं दुकान आहे, तिथं गेमची इन्स्टॉल फाईल तुझ्या हातात देतात, कुलूप नाही काही नाही, हार्डडिस्कवर ठेव अन् दहा वर्षांनी टाक. सगळे नवीन गेम तिथं नसतात, जुने लय आहेत. अन् एपिक नावाच्या ऑनलाईन दुकानात दर आठवड्याला फुकट गेम मिळतो, तो दर गुरुवारी घेऊन ठेवायचा, उतरवायचं नंतर पाहू.

प्रश्न : भाऊ, मी आर्वीजवळून लिहिते. मुलगा अकरावीला आहे, त्याच्या मामानं प्लेस्टेशन दिलं. आता म्हणतो वर्गणी भरावी लागते, नाहीतर ऑनलाईन खेळता येत नाही. मशीनचे पैसे दिले, गेमचे दिले, आता वर्गणी कशाची? अन् सरकारनं तर ऑनलाईन गेमवर बंदी आणली ना?

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाही पण पूर्ण खरंही सांगत नसेल. विकत घेतलेला गेम दुसऱ्यांसोबत इंटरनेटवरून खेळायचा असला तर प्लेस्टेशनला पीएस प्लस लागतं, एक्सबॉक्सला गेम पास. पण जे गेम मुळातच फुकट आहेत, फोर्टनाईटसारखे, त्यांना वर्गणी लागत नाही. लॅपटॉपवर तर अशी वर्गणीच नाही. त्याला विचारा कोणता गेम खेळतो, फुकटवाला निघाला तर पैसे वाचले.

पीएस प्लसमध्ये तीन पायऱ्या आहेत, 2022 पासून. इसेन्शियल सगळ्यात स्वस्त, त्यात ऑनलाईन खेळणं अन् महिन्याला दोन-चार गेम. एक्स्ट्रामध्ये शेकडो गेमचं कपाट उघडं होतं. डिलक्समध्ये जुने गेम. अकरावीच्या पोराला इसेन्शियल पुरे, त्याच्या वरचं घेतलं तर अभ्यासाचं तुम्हीच पाहा. एक अट मात्र समजून घ्या, महिन्याचे गेम वर्गणी चालू असेपर्यंतच उघडतात, थांबवली की कुलूप, परत भरली की उघडले. अन् पीएस फाईव्हचं सेव्ह, म्हणजे पोरगं कुठपर्यंत पोचलं त्याची नोंद, ती क्लाऊडवर ठेवायलाही हीच वर्गणी लागते, पेनड्राईव्हवर निघत नाही. ही गोष्ट मला अजिबात पटत नाही. एक्सबॉक्स अन् स्टीम हेच काम फुकटात करतात.

पैसे आपोआप कापण्याची परवानगी बंद ठेवा. चालू असलीच तर बँकेचा मेसेज चोवीस तास आधी यायला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज पुसू नका.

बंदीचं म्हणाल तर 2025 च्या ऑगस्टमधला कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, रमी अन् टीम लावून पैसे जिंका वगैरे. कन्सोलवरच्या या खेळांवर नाही.

(एक्सबॉक्सवाल्यांनी विचारलंच आहे म्हणून, गेम पासच्या पायऱ्यांची नावं 2025 च्या ऑक्टोबरात बदलली, आता इसेन्शियल, प्रीमियम, अल्टिमेट. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे नवीन गेम पहिल्या दिवशी पाहिजे असले तर अल्टिमेट बरं. सोनी आपले मोठे गेम पहिल्या दिवशी वर्गणीत टाकत नाही. पण गेम पासचे गेम येत-जात राहतात, अर्धा खेळलेला गेम निघून गेला की जीव जळतो, अन् आपल्या नेटवर आपण नेहमी अर्ध्यावरच असतो.)

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या ब्रह्मपुरीला पीएस फाईव्ह गरम होऊन बंद पडते. कूलरसमोर ठेवलं तं चालन का?

उत्तर : नोको रे बावा! कूलरची हवा ओली असते अन् पाण्याचे तुषार पण येतात, आत गेले की मशीनचं लोणचं. सोनीनं स्वतःच 5 ते 35 अंशात चालवा म्हटलंय, अन् मे महिन्यात तुमच्याकडं भिंतसुद्धा चाळीसच्या वर असते. दुपारी बंद ठेव, रात्री दहानंतर किंवा पहाटे खेळ, कूलर खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात अन् खिडकी उघडी, टीव्हीच्या लाकडी कपाटातून मशीन बाहेर काढ.

प्रश्न : बजेट कमी हाय. नागपूरले बर्डीवर जुनं पीएस फोर मिळून राह्यलं. घेऊ का? निन्टेन्डो स्विच पण पाह्यलं एका ठिकाणी.

उत्तर : स्विच निन्टेन्डो भारतात अधिकृत विकत नाही, मिळतं ते बाहेरून आलेलं, वॉरंटीचं काही खरं नाही अन् गेमही महाग. मशीन मस्त आहे, वीज तर नावापुरती खातं, पण बिघडलं तर कोणाकडं नेशील?

पीएस फोर घे. 2013 चं मशीन आहे, म्हणूनच जुन्या डिस्क स्वस्तात मिळतात, अन् त्या डिस्क उद्या डिस्कवाल्या पीएस फाईव्हवर पण चालतात. दुकानातच पंधरा मिनिटं मोठा गेम चालवून पाहा, पंखा जेटसारखा ओरडला तर आत धूळ आहे, भाव पाड. डिस्क चार वेळा घालून काढून पाहा. आधीच्या मालकाचं अकाउंट पूर्ण काढून घे. कंट्रोलर हातात न धरता टेबलावर ठेव अन् गेममधला माणूस आपोआप चालतो का पाहा, चालला तर कंट्रोलरची काडी, म्हणजे जॉयस्टिक, गेलेली आहे. अन् घरी आणल्यावर ज्या खोलीत कापूस भरून ठेवता त्या खोलीत लावू नको, आमच्या घरी भाव वाढायची वाट पाहत मार्चपर्यंत कापूस होता, अन् माझं पहिलं पीएस फोर खोललं तर पंख्यातून रुई निघाली, एका वातीपुरती.